मुगाच्या मोडांचं पाणी कक्षेत मोजायचंय: चिपवरचं इलेक्ट्रोफोरेसिस घ्यावं की आयन-निवडक इलेक्ट्रोड?

मूग_मिशन

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका कॉलेजची सहा जणांची टीम आहे. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे पोएम या कक्षेत राहणाऱ्या प्रयोगफलाटावर, बसेल असा छोटा पेलोड कागदावर आखतोय. बियाणं मूग. मोड येताना बी पाण्यात कोणते आयन किती आणि कधी सोडतं, आणि वजनरहित अवस्थेत त्यात काही फरक पडतो का, एवढाच प्रश्न आहे.

आत्ताचा आराखडा असा. डबा १० × १० × १५ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत, सरासरी वीज ३ वॉट. डबा सीलबंद, आत १ वातावरण दाबाची हवा. सहा मूग आणि २ मिलिलिटर पाणी, पाणी कक्षेत गेल्यावर सोडायचं. चार दिवसांचा प्रयोग, दर बारा तासांनी एक मोजमाप, एकूण आठ. मोजायचं पोटॅशियम, कॅल्शियम, नायट्रेट आणि पीएच. डबा एकदा दिला की उड्डाणापर्यंत दोन महिने त्याला हात लागणार नाही असं धरून चाललोय.

विश्लेषणासाठी काचेची इलेक्ट्रोफोरेसिस चिप (व्होल्टेज लावून आयन वेगवेगळ्या वेगाने पळवून वेगळे करणारी) घ्यायचा विचार आहे: चॅनेल ५० मायक्रॉन रुंद, २० मायक्रॉन खोल, ५ सेंटिमीटर लांब. १५०० व्होल्ट, २० मिलिमोलर एमईएस-हिस्टिडीन बफर, संपर्करहित कंडक्टिव्हिटी डिटेक्टर. दुसरा पर्याय आयन-निवडक इलेक्ट्रोडचा, म्हणजे पातळ पडद्यामुळे ठराविक आयनच्या तीव्रतेनुसार व्होल्टेज देणाऱ्या इलेक्ट्रोडचा. त्यासाठी ६० मायक्रोलिटरचा मोजणी-कप्पा काढला आहे, आणि प्रत्येक द्रव कप्प्याच्या पाचपट सोडून मग मोजायचं.

प्रश्न तीन. दोन्हींतलं कोणतं? बुडबुड्यांचं काय करायचं? आणि दोन महिने पडून राहिल्यावर रसायनं आणि इलेक्ट्रोड टिकतील का?

---

खारासेतू

आयन-निवडक इलेक्ट्रोड घ्या. इलेक्ट्रोफोरेसिस वाईट आहे असं नाही, पण चार साधे आयन मोजायला एवढा लवाजमा नको. शिवाय पोटॅशियम-कॅल्शियम धन आणि नायट्रेट ऋण, म्हणजे नेहमीच्या मांडणीत एका खेपेत तिन्ही मिळत नाहीत. व्होल्टेजची दिशा उलटवून दुसरी खेप करावी लागेल.

वजनरहित अवस्थेत इलेक्ट्रोफोरेसिस कुठे अडतं ते तुमच्याच आकड्यांनी पाहू. त्या चॅनेलचं आकारमान ५० नॅनोलिटर. तो बफर आणि सेंटिमीटरला ३०० व्होल्ट धरले तर करंट २ मायक्रोअँपिअरच्या आसपास. दहा मिनिटांच्या एका खेपेत १.२ मिलिकूलंब, म्हणजे साधारण १२ नॅनोमोल इलेक्ट्रॉन. ऋण टोकाला त्यातून ६ नॅनोमोल हायड्रोजन, आकारमानात १५० नॅनोलिटर: अख्ख्या चॅनेलच्या तिप्पट. जमिनीवर हा बुडबुडा वर तरंगून फुटतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथे वर-खाली नाही. थोडा वायू विरघळेल, पण द्रवात आपोआप ढवळणं होत नसल्याने तारेभोवतीच साचेल आणि एके दिवशी चॅनेलचं तोंड बंद करेल. शिवाय चॅनेलच्या टोकांना असतात तशा बफरच्या उघड्या विहिरी तिथे चालणार नाहीत, प्रत्येक विहिरीवर पडदा लागेल.

इलेक्ट्रोडच्या वाटेला पूर्वीचा आधारही आहे. २०१४ मध्ये गेलेल्या स्पोअरसॅट या छोट्या उपग्रहात नेच्याच्या बीजाणूंभोवतीचं कॅल्शियम अशाच इलेक्ट्रोडनी मोजायची योजना होती, तीही फिरत्या चकतीवर. त्याआधी २००८ मध्ये मंगळावरच्या फिनिक्स यानात ओल्या रसायनाचे चार कप्पे होते, प्रत्येकात अशा इलेक्ट्रोडची रांग.

फिनिक्सवरूनच नायट्रेटबद्दल सांगतो. नायट्रेटसाठी ठेवलेल्या इलेक्ट्रोडने तिथे प्रचंड सिग्नल दिला. तो नायट्रेटचा मानला तर घातलेल्या मातीपेक्षा नायट्रेटचं वजन जास्त भरत होतं. निघालं पर्क्लोरेट. हा इलेक्ट्रोड खरं तर 'पाण्यात रमत नाही असा कोणताही ऋण आयन' मोजतो. मुगाच्या पाण्यात सेंद्रिय आम्लं असणार, साठवणीचं एखादं रसायन असलं तर तेही. नायट्रेट वगळा. तीनच ठेवा.

अपेक्षित पातळी: मुगात पोटॅशियम साधारण १.२ टक्के. सहा मूग म्हणजे पाव ग्रॅम, म्हणजे ७५ मायक्रोमोलच्या आसपास. त्यातलं पाच टक्के जरी २ मिलिलिटरमध्ये उतरलं तरी २ मिलिमोलर होतं. कॅल्शियम याच्या दहाव्या भागाइतकं. म्हणजे संवेदनशीलतेची चिंता नाही, चिंता आहे ती ड्रिफ्टची, म्हणजे आकडा आपोआप सरकत राहण्याची. २५ अंशांना पोटॅशियमसाठी तीव्रतेच्या दर दहापटीला ५९ मिलिव्होल्ट मिळतात, कॅल्शियमसाठी निम्मे. १ मिलिव्होल्ट सरकला की पोटॅशियममध्ये ४ टक्के आणि कॅल्शियममध्ये ८ टक्के चूक. दोन महिन्यांत १० मिलिव्होल्ट सहज सरकतात, म्हणून कॅलिब्रेशनचे, म्हणजे माहीत तीव्रतेचे, दोन द्रव सोबत न्यावेच लागतात आणि प्रत्येक मोजमापाच्या आधी व नंतर वापरावे लागतात.

पोटॅशियम इलेक्ट्रोडवरची मेम्ब्रेन (पातळ पडदा), १०० मिलिग्रॅमच्या हिशोबाने: पीव्हीसी ३३, डायऑक्टिल सेबकेट ६५, व्हॅलिनोमायसिन (आयनोफोर, म्हणजे पोटॅशियम धरणारा रेणू) दीड, पोटॅशियम टेट्राकिस क्लोरोफिनाइल बोरेट अर्धा मिलिग्रॅम. १ मिलिलिटर टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने टाकायचं, सुकल्यावर जाडी १०० ते २०० मायक्रॉन. कॅल्शियमसाठी व्हॅलिनोमायसिनऐवजी ईटीएच १२९ आणि सेबकेटऐवजी नायट्रोफिनाइल ऑक्टिल ईथर. पीएचसाठी ट्रायडोडेसिल अमाइन.

यात माणसं दोन ठिकाणी फसतात. पहिलं, टेट्राहायड्रोफ्युरान अ‍ॅक्रिलिक विरघळवतं. चिप अ‍ॅक्रिलिकची असेल तर मेम्ब्रेन तिच्यावर थेट टाकू नका. सिरॅमिक किंवा पॉलिइमाइडच्या वेगळ्या पट्टीवर टाका, २४ तास पूर्ण सुकवा आणि मग पट्टी चिपमध्ये बसवा. दुसरं, मेम्ब्रेन थेट धातूवर टाकली की काही दिवसांत दोघांमध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, आणि मग ड्रिफ्ट थांबतच नाही. मध्ये पेडॉटसारखा वाहक पॉलिमर हवा. चाचणी सोपी आहे: ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये स्थिर होऊ द्या, मग ०.१ मोलर सोडियम क्लोराइड, मग परत पोटॅशियम. आकडा हळूहळू एका दिशेला आणि परतल्यावर उलट्या दिशेला घसरत राहिला तर आत पाणी आहे. ती पट्टी बाद.

संदर्भ इलेक्ट्रोडसाठी (ज्याच्या तुलनेत बाकीच्यांचं व्होल्टेज मोजतात) नळीतलं संपृक्त पोटॅशियम क्लोराइड नकोच, ते गळून तुमचंच पोटॅशियम वाढवेल. उघडी सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडची तार ठेवा आणि सगळ्या द्रवांत, मुगाच्या पाण्यातसुद्धा, १० मिलिमोलर सोडियम क्लोराइड ठेवा म्हणजे क्लोराइड जवळपास स्थिर राहील. चांदीची तार झवेरी बाजारात मिळते, पण ९९९ ची मागा. साडेब्याण्णवच्या चांदीत तांबं असतं, ते सावकाश पाण्यात उतरतं. क्लोराइडचा थर चढवायला पीसीबी एचिंगचं फेरिक क्लोराइड पातळ करून मिनिटभर बुडवलं तरी होतं, लॅमिंग्टन रोडला ते कुठेही मिळेल. नंतर खूप धुवा.

कॅलिब्रेशन द्रव अ: पोटॅशियम ०.३, कॅल्शियम ०.१ मिलिमोलर, पीएच ५.५. द्रव ब: पोटॅशियम ३, कॅल्शियम १ मिलिमोलर, पीएच ६.५. दोन्हींत ५ मिलिमोलर एमईएस. पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने लावा. हाताच्या सवयीने पोटॅशियम हायड्रॉक्साइडची बाटली उचलली की पोटॅशियमचं कॅलिब्रेशन गेलंच समजा. पोटॅशियम आणि कॅल्शियम क्लोराइड म्हणून घालणार असाल तर तेवढं क्लोराइड सोडियम क्लोराइडमधून कमी करा.

---

काचनळी

खारासेतू यांच्याशी बहुतेक सहमत, पण इलेक्ट्रोफोरेसिसला एवढ्या लवकर घराबाहेर काढू नका. मुळातून मॅलेट, सायट्रेटसारखी सेंद्रिय आम्लं किती येतात हा प्रश्न असता तर इलेक्ट्रोडकडे उत्तरच नव्हतं. तिथे एका खेपेत सगळ्यांची रांग लागते. अमिनो आम्लांचं डावं-उजवं वेगळं करायचं तर ते लेझर-फ्लुरोसन्ससह इलेक्ट्रोफोरेसिसने होतं, नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने परग्रहांसाठी त्यावरच मेहनत घेतली आहे. तुमचा प्रश्न तेवढा मोठा नाही, एवढंच.

पीएचसाठी मात्र दुसरा, स्वतंत्र मार्ग ठेवा: रंग. ब्रोमोक्रेसॉल पर्पल ५.२ ला पिवळा आणि ६.८ ला जांभळा असतो, तुमच्या पट्ट्यात अगदी नेमका. रंग पडद्यावर बांधून ४३० आणि ५९० नॅनोमीटरच्या दोन एलईडींनी आलटून-पालटून मोजा आणि गुणोत्तर घ्या. गुणोत्तरामुळे एलईडी मंदावला किंवा पडदा थोडा धुतला गेला तरी फरक कमी पडतो. याला संदर्भ इलेक्ट्रोड लागत नाही. दोन्ही पीएच एकत्र सरकले तर मुगात काहीतरी घडतंय. फक्त इलेक्ट्रोडचा सरकला तर बहुधा चांदीच्या तारेत घडतंय. जीवशास्त्राच्या छोट्या उपग्रहांत रंग वाचायची रीत जुनी आहे. २००९ च्या फार्मासॅटमध्ये ४८ कप्प्यांत यीस्टची वाढ अलामार ब्लू रंगानेच वाचली होती, २०२२ मध्ये सुटलेल्या बायोसेंटिनेलमध्येही तोच रंग.

---

बुडबुडेवाला

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, पण त्याआधी मूळ आराखड्यातली एक गडबड. ६० मायक्रोलिटरचा कप्पा पाचपट धुवायचा म्हणजे एका नमुन्याला ३०० मायक्रोलिटर. आठ वेळा म्हणजे २.४ मिलिलिटर. मुगाकडे पाणीच २ मिलिलिटर! चौथ्या दिवशी मूग वाळलेले आणि तुम्ही म्हणणार वजनरहित अवस्थेत मोड खुंटले.

कप्पा १० मायक्रोलिटरचा करा. मग ५० मायक्रोलिटर प्रति नमुना, आठ वेळा मिळून ४०० मायक्रोलिटर. चार दिवसांत पाचवा हिस्सा जातो, तो हिशोबात धरता येतो. पण कप्पा लहान करून नळी तशीच ठेवली तर उपयोग नाही. अर्धा मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १० सेंटिमीटर नळीतच २० मायक्रोलिटर मावतात, म्हणजे कप्प्याच्या दुप्पट. झडपा चिपला चिकटून बसवा.

आता बुडबुडे. ते तीन वाटांनी येतात. भरताना कोपऱ्यात राहिलेली हवा, तापमान वाढल्यावर पाण्यातून बाहेर पडणारी विरघळलेली हवा, आणि सांध्यांतून ओढली गेलेली हवा.

भरण्याआधी चिपमधून पाच मिनिटं कार्बन डायऑक्साइड सोडा. साध्या हवेऐवजी तो अडकला तर पाण्यात विरघळून जातो. मग हवा काढलेला द्रव भरा: निर्वात पंपाखाली ढवळत अर्धा तास. शेवटी कप्प्याच्या दहापट द्रव वाहू द्या, नाहीतर उरलेला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली खेचतो. काहीजण हवा घालवायला आधी अल्कोहोल भरतात. काचेच्या चिपमध्ये चालेल, पीव्हीसी मेम्ब्रेन असलेल्या चिपमध्ये नाही. मेम्ब्रेनमधलं तेल आणि आयनोफोर निघून येतात.

एवढं करूनही बुडबुडा येणार हे धरून चाला. चॅनेलमध्ये अचानक अरुंद गळा ठेवू नका. ५० मायक्रॉन त्रिज्येच्या गळ्यात बुडबुडा ढकलायला जवळपास २.९ किलोपास्कल लागतात, पाण्याच्या २९ सेंटिमीटर स्तंभाएवढे. छोटा पायझो पंप आत बुडबुडा गेला की मुळात दाबच देत नाही. १ मिलिलिटरची सिरिंज, स्क्रू आणि स्टेपर मोटर हे साधं आहे, जड आहे, पण अडत नाही. वर उंचवटा ठेवून तिथे बुडबुडा पकडायचा ही जमिनीवरची युक्ती तिथे निरुपयोगी. त्याऐवजी चॅनेलची एक भिंत ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पाणी न शोषणाऱ्या टेफ्लॉन पडद्याची करा. चॅनेलमध्ये बाहेरपेक्षा थोडा जास्त दाब असला की हवा निघून जाते, पाणी राहतं. यासाठीच कॅलिब्रेशनचे द्रव ढकलायचे, ओढायचे नाहीत. पडद्याच्या जागी ओढलंत तर हवा उलट आत येईल.

मुगाच्या कप्प्यातून नमुना मात्र ओढावाच लागतो, कारण तिथे हवा आणि पाणी एकत्र आहे. तिथे ५ मायक्रॉन छिद्रांचा पाणी शोषणारा पडदा लावा आणि तो कायम ओला ठेवा. कागदावर तो ५७ किलोपास्कलपर्यंत हवा अडवतो. तुम्ही ओढण्याचा दाब ५ च्या खाली ठेवा. मुळांचे तंतू आणि सालंही तिथेच अडकतील. टेफ्लॉन पडद्याची भिंत या ओढण्याच्या वाटेवर येता कामा नये, ती सिरिंजच्या पुढच्या बाजूला हवी.

पाणी बियांपाशी धरून ठेवायला वात लागेल. रॉकवूल नको, ते कॅल्शियम सोडतं. साधा गाळण कागद कॅल्शियम धरून ठेवतो. पातळ आम्लात धुतलेलं पॉलिएस्टर फेल्ट बरं.

आणि एक चाचणी जी करायलाच हवी. पूर्ण भरलेला संच सहाही बाजूंवर ठेवून तीच कॅलिब्रेशन मालिका चालवा. अ‍ॅक्रिलिकमधून आत दिसतंच. कुठल्याही एका बाजूला आकडे बदलले तर तुमच्या रचनेत कुठेतरी गुरुत्वाकर्षण गुपचूप काम करतंय, आणि कक्षेत ते कामावर येणार नाही.

चिप तशीच ठेवून ती फिरवणं हा आणखी एक मार्ग. ३ सेंटिमीटर त्रिज्येवर मिनिटाला १७३ फेरे दिले की १ जी मिळतो: बुडबुडे आतल्या बाजूला जातात आणि कक्षेतच पृथ्वीसारखा नियंत्रण गटही मिळतो. पण फिरत्या वस्तूला फलाटाची परवानगी लागते, आणि फिरत्या भागातून मिलिव्होल्ट बाहेर आणणं हे वेगळंच प्रकरण आहे. पहिल्या पेलोडला नको.

---

पिकोअँपिअर

इलेक्ट्रॉनिक्सवर कोणी बोललं नाही म्हणून थोडं.

मेम्ब्रेनचा रोध १० मेगाओहमच्या घरात असतो. साध्या ऑपॅम्पचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) इनपुट करंट १०० पिकोअँपिअर असला तर तिथेच १ मिलिव्होल्टची चूक. एलएमपी ७७२१ घ्या, त्याचा करंट फेम्टोअँपिअरमध्ये आहे, आणि इनपुटच्या पिनाभोवती गार्ड रिंग (गळती अडवणारं वाहक कडं) द्या. तरी मुंबईत जुलैमध्ये हा बोर्ड उघड्यावर ठेवला तर चिप कितीही भारी असो, गळती फ्लक्सच्या डागावरून होते. सोल्डरिंगनंतर आयसोप्रोपेनॉलने दोनदा धुवायचा, ६५ अंशांवर रात्रभर सुकवायचा, लगेच कोटिंग, आणि जोडणी होईपर्यंत सिलिका जेलच्या डब्यात. पावसाळ्यात जोडणी असेल तर खोलीतली आर्द्रता लिहून ठेवा. नंतर ड्रिफ्टचं कारण शोधताना तीच नोंद कामी येते.

प्रवाह चालू असताना मोजू नका. द्रव सरकताना स्वतःचं व्होल्टेज तयार होतं. पंप थांबवा, एक मिनिट थांबा, मग पाच मिनिटं सेकंदाला एक आकडा, आणि शेवटच्या ६० आकड्यांचा मध्यक. हीटर पीडब्ल्यूएमवर (भराभर चालू-बंद होणारा) असेल तर त्या पाच मिनिटांत तो बंद.

तापमान सेन्सर डब्याच्या भिंतीवर नको, इलेक्ट्रोडच्या पट्टीला चिकटवा. डब्यातली हवा तिथे आपोआप फिरत नाही, म्हणून भिंत २८ अंश आणि चिप २३ अंश असं सहज होतं. पंखा लावलात तर त्याची वीज धरा.

डेटाची काळजी नको. चार वाहिन्या, प्रत्येक आकड्याला तीन बाइट, तीन द्रवांची (अ, नमुना, ब) पाच-पाच मिळून पंधरा मिनिटं, आठ वेळा: सगळं मिळून ८६ किलोबाइट. कच्चे आकडे सगळे खाली पाठवा, यानावर सरासरी काढून मूळ फेकू नका. बुडबुडा येऊन गेला की नाही हे कच्च्या आकड्यांतल्या उडीवरूनच कळतं.

१५०० व्होल्ट गेले याचा मला वैयक्तिक आनंद. सीलबंद डबा हळूहळू गळला तर आतला दाब कधीतरी काही मिलिमीटर पाऱ्यावर येतो, आणि त्या पट्ट्यात हवेत ३३० व्होल्टच्या आसपासही ठिणगी पडू शकते. पूर्ण निर्वातात चालेल, पूर्ण हवेत चालेल, मधल्या वाटेवर नाही.

---

मूग_मिशन

सगळ्यांचे आभार, २.४ मिलिलिटरची चूक खरंच आमच्या नजरेतून सुटली होती.

बदललेला आराखडा: इलेक्ट्रोफोरेसिस रद्द, नायट्रेट रद्द. पोटॅशियम, कॅल्शियम आणि पीएचचे इलेक्ट्रोड, शिवाय पीएचसाठी रंगाचा पडदा. कप्पा १० मायक्रोलिटर. चिप लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रिलिकची, थर दुहेरी चिकटपट्टीने जोडलेले. इलेक्ट्रोड सिरॅमिक पट्टीवर.

उरलेले प्रश्न साठवणीचे. मेम्ब्रेन ओली ठेवावी की कोरडी? कॅलिब्रेशन द्रवात बुरशी येऊ नये म्हणून सोडियम अ‍ॅझाइड घालायचा विचार होता. आणि मूग हायपोक्लोराइटने निर्जंतुक करून, उरलेला क्लोरीन मारायला थायोसल्फेटने धुवायचे, असं एका प्रोटोकॉलमध्ये वाचलं. तुलनेसाठी जमिनीवर काय ठेवावं?

---

बी_बियाणे

मूग कोरडेच ठेवायचे आणि कक्षेत पाणी सोडायचं हे बरोबर. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० मध्ये, पोएम-४ वर, व्हीएसएससीच्या (विक्रम साराभाई अंतराळ केंद्र) क्रॉप्स पेलोडमध्ये चवळीला अशाच पद्धतीने मोड आणले होते. त्याच फलाटावर मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींचा पेलोडही होता. बंद डब्यात ओल आणि ऊब असली की खरा शत्रू बुरशी. एक मूग बुरशीने गेला तर पाण्यातलं पोटॅशियम आणि पीएच दोन्ही बिघडतात आणि कारण आकड्यांतून कळत नाही. म्हणून मुगाच्या कप्प्यात एक छोटा कॅमेरा ठेवा, दिवसाला दोन फोटो पुरे.

तुलनेसाठी जमिनीवर हुबेहूब जुळा संच, दोन दिवस उशिराने चालवा, म्हणजे कक्षेतलं खरं तापमान त्याला जसंच्या तसं देता येईल. कक्षेतल्या संचात दुसरा कप्पा हवा ज्यात कोरड्या उष्णतेने मारलेले मूग असतील. पहिल्या काही तासांत बी जे पोटॅशियम सोडतं ते बरंचसं नुसतं झिरपणं असतं, मेलेलं बीही ते करतं. जिवंत बी नंतर ते परत ओढून घेतं की नाही, हा खरा फरक. ऑटोक्लेव्ह केलेले मूग चालणार नाहीत, त्यांच्या पेशी फुटून सगळंच एकदम बाहेर येतं.

अ‍ॅक्रिलिकबद्दल एक गोष्ट राहिली: लेझरने कापलेल्या कडांमध्ये ताण राहतो, आणि नंतर अल्कोहोल लागलं की तिथे बारीक भेगा पडतात. जोडण्याआधी ८० अंशांवर तीन तास ठेवा आणि भट्टी बंद करून आतच थंड होऊ द्या. चिकटपट्टी आणि गोंद निवडताना निर्वातातल्या वायुगळतीचे आकडे बघा: एकूण वजनघट १ टक्क्याच्या आत, जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत.

---

खारासेतू

अ‍ॅझाइड नको. तो सिल्व्हर क्लोराइडच्या तारेवर परिणाम करतो, म्हणजे तुमचा संदर्भच हलतो. द्रव ०.२ मायक्रॉनमधून गाळा, निर्जंतुक भरा, अ‍ॅल्युमिनियम थर असलेल्या पिशवीत हवेचा थेंबही न ठेवता सील करा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून दोन महिन्यांत पाणी उडतं आणि मिलिमोलर वाढतात. भरल्यावर पिशवीचं वजन मिलिग्रॅमपर्यंत घ्या आणि हस्तांतरणाच्या दिवशी परत घ्या.

मेम्ब्रेन ओली ठेवा, द्रव अ मध्येच. कोरडी ठेवली तर कक्षेत भिजून स्थिर व्हायला तिला कित्येक तास लागतील आणि पहिलं मोजमाप वाया जाईल, जे नेमकं झिरपण्याचं, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं. ओली ठेवल्याने हळूहळू आयनोफोर निघतो खरा, पण १० मायक्रोलिटर स्थिर द्रवात तो फार जात नाही. तीन जुळ्या चिप बनवा आणि दोन महिने तशाच भरून ३० अंशांवर ठेवून बघा; उतार (दर दहापटीचे मिलिव्होल्ट) ५९ वरून ५५ च्या खाली गेला तर मेम्ब्रेन थोडी जाड करा.

थायोसल्फेट तर अजिबात नको. फोटोच्या फिक्सरमध्ये तेच असतं, सिल्व्हर क्लोराइड विरघळवणं हेच त्याचं काम. मुगाच्या सालीत जरासं राहिलं तरी तुमचा संदर्भ इलेक्ट्रोड उघडा पडेल. १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुवा आणि लगेच ३५ अंशांखाली वाळवा. पाचव्या धुण्याच्या पाण्यात स्टार्च-आयोडाइडची पट्टी बुडवा. निळी झाली तर सहाव्यांदा धुवा.